लेक नव्या शाळेत बोलेनाशी झाली आहे

अंबाडी – ९ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही वऱ्हाडातल्या खामगाव तालुक्यातले. यजमानांची बदली पुण्याला झाली म्हणून मे महिन्यात बिऱ्हाड हलवलं. मुलगी सहावीपर्यंत गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आता सातवी. इथे घराजवळच्या सेमी-इंग्रजी शाळेत घातलं. इंग्रजी माध्यम मुद्दामच नको म्हटलं. शाळा मराठी आहे, तिला परकं वाटणार नाही, असा आमचा हिशेब होता.

आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, पुण्यात जूनच्या मध्यालाच. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत आठवडा गेला. ती वर्गात गेली तेव्हा कोण कुणाशेजारी बसणार हे सगळं ठरून गेलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. बाईंनी विचारलं, वही का आणली नाही? ही म्हणाली, "मले वही भेटलीच नाही, बाई." वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मले नाही, मला. आणि वही भेटत नसते, माणूस भेटतो. वही मिळते." बाईंच्या मनात काही वाईट नसेल. पण त्या दिवसापासून मुलीचं नावच "मले" पडलं. मधल्या सुट्टीत "मले चेंडू दे", "मले पानी दे" असं चालतं. डब्यात भाकर आहे असं म्हणाली तर भाकर नाही, भाकरी.

गावात ही पोरगी एक मिनिट गप्प बसत नव्हती. १५ ऑगस्टला भाषण ठरलेलं. आता शाळेत तोंड उघडत नाही. शेजारच्या मुलीकडे रबर मागायचं तर हाताने खूण करते, हे तिच्याच तोंडून कळलं. घरी आरशासमोर उभी राहून "मला, तुला, पाणी, कोण" असं पुटपुटताना मी तिला दोनदा पाहिलं.

परवा आजीचा फोन आला तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून बोलली. आणि काल म्हणाली, "आई, पालकसभेला बाबांना पाठव. तू नको येऊ." बाबा नोकरीमुळे इथल्यासारखं बोलतात. मी नाही बोलत.

मी तिच्यावर रागावले नाही. रात्री खूप रडले मात्र.

दोन प्रश्न आहेत. घरी आम्ही सगळ्यांनी आता पुस्तकातलंच बोलायला सुरुवात करावी का? आणि बाईंना जाऊन भेटावं का? भेटले तर "आईला सांगितलंस" म्हणून आणखी चिडवतील, ही भीती वाटते.

---

ओसरी – ९ जुलै, रात्री ११:५२

वाचून पोटात तुटलं हो ताई. पालकसभेचं वाक्य ती तुम्हाला लाज आणायला बोललेली नाही. तिला जे सोसावं लागतंय ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून बोलली असेल, असं मला वाटतं.

एक विचारते. वर्गात एखादी तरी मुलगी आहे का, जिचं नाव ती घरी घेते?

---

सरळरेघ – १० जुलै, सकाळी ७:४०

मी बीड जिल्ह्यातून अकरावीला पुण्यात आलो. जे अनुभवलं ते सांगतो, कडू वाटलं तर माफ करा.

मुलीला प्रमाण भाषा लवकरात लवकर शिकवा. ती हुशार दिसते, दोन महिन्यांत जमेल. सातवीचं वय असं आहे की त्या वर्गाला तुम्ही बोलीचं महत्त्व समजावून बदलणार नाही. लेखी परीक्षेत "मले" लिहिलं तर गुण जाणारच. पुढे तोंडी परीक्षा आहेत, मुलाखती आहेत. मी पहिलं वर्ष जवळजवळ मुक्यानेच काढलं आणि मग रोज रात्री वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या वर्षी कुणी ओळखलं नाही मी कुठला ते.

घरातही सगळ्यांनी प्रमाणच बोला. मुलं घरात ऐकतात तेच बाहेर तोंडात येतं.

---

खडूफळा – १० जुलै, दुपारी ४:१५

मी अमरावती जिल्ह्यात शिक्षक आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तुमच्या मुलीसारखी पन्नास पोरं रोज माझ्यासमोर बसतात. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मुलगी "चुकीचं" बोलत नाही. चूक कशाला म्हणतात? एकदा असं, एकदा तसं होतं ती चूक. वऱ्हाडीत काहीही वाटेल तसं होत नाही. "मला, तुला, घराला" यांतल्या "ला"च्या जागी आपल्याकडे "ले" येतो आणि सगळीकडे येतो. मले, तुले, घराले. "ळ"चा "य" होतो, डोळ्याचा डोया होतो, पण "डोलणे"चं कुणी "डोयणे" करत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या पोरालाही आतून ठाऊक असतं की "ळ" कोणता आणि "ल" कोणता. व्याकरण न शिकता येणारं हे व्याकरण आहे. "मी आली, मी गेली" हे तर पुण्यातल्या लोकांना फार खटकतं, तिथे बाई "मी आले, मी गेले" म्हणते. पण "ती आली" म्हणताना "आली" चालतं तर "मी आली" म्हणताना का चालू नये, असं मला माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं. माझ्याकडे तिथला रिवाज वेगळा आहे याखेरीज काही उत्तर नव्हतं.

दुसरं. वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी, असं त्या वर्गात कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगा, तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते रिद्धपूरला. रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दाव्यामागे असे जुने ग्रंथच उभे होते. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. ब्रिटिश राजवटीतले भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यातही वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे, नमुन्यांसकट. एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत सांगवून घेऊन त्यांनी ते नमुने जमवले होते.

आणि जिला आपण प्रमाण म्हणतो ती तरी कुठे स्थिर आहे? आजचे शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे, शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले. माझ्या आजोबांच्या पत्रांत "कांहीं" आणि "नाहीं" यांच्यावर टिंबंच टिंबं आहेत. तेव्हा ते शुद्ध होतं. माझ्या विद्यार्थ्याने आज तसं लिहिलं तर मी लाल रेघ मारीन.

सरळरेघ, प्रमाण भाषा यायलाच पाहिजे, यात आपलं एकमत आहे. लेखी मराठी सगळ्यांची मिळून एक असावी, नाहीतर सिंधुदुर्गातल्या मुलाचं उत्तर गोंदियातल्या शिक्षकाला कसं तपासता येईल? पण ती शिकवायची कशी, तर आधीचं पुसून नाही.

मी वर्गात हे करतो, तुम्हाला घरी करता येईल. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे घरचं, उजवीकडे पुस्तकातलं. "काहून" आणि "का". "इकडे पाय" आणि "इकडे पाहा". "जाऊन राह्यली" आणि "जाते आहे". डावीकडचे शब्द मुलीला भरू द्या, आजीला फोन करून आणखी विचारू द्या. उजवीकडचे तुम्ही दोघी मिळून शोधा. माझ्याकडे पोरं डावी बाजू भरताना एवढी रंगतात की उजवी बाजू शिकतोय हे त्यांच्या ध्यानातही राहत नाही. कुठे कोणतं बोलायचं हे मग मूल आपोआप ओळखतं.

घरची भाषा बदलू नका. तुम्ही बदललीत तर तिला एवढंच कळेल की वर्ग हसला ते बरोबरच होतं.

---

दर्याकाठ – १० जुलै, रात्री ९:०५

खडूफळा सरांच्या शेवटच्या ओळीसाठी लॉगिन केलं.

मी वेंगुर्ल्याची. वडील मुंबईला गिरणीत होते, मी दहा वर्षांची असताना आम्ही सगळे डोंबिवलीला आलो. शाळेत "माका" म्हटलं आणि जे व्हायचं ते झालं. माझ्या आईने तेच केलं जे अंबाडीताई विचारतायत. घरात मालवणी बंद. चुकून बोललं की आई डोळे मोठे करायची. तिला वाटायचं लेकीचं भलं होईल. झालंही. चाळिशी उलटली, माझं मराठी ऐकून लोक विचारतात, तुम्ही पुण्याच्या का?

पण पुढच्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आजीशी बोलताना तोंडातून मालवणी येईना. येत होती सगळी, कळत होती, पण जिभेवर आली की लाज वाटायची. आणि आजीला माझं ते पुस्तकी बोलणं परकं वाटायचं. मी पाहुणी असल्यासारखी ती माझ्याशी जपून बोलायला लागली. एकदा म्हणाली, "कित्याक गो बोलनस नाय?" मी काहीच बोलले नाही. ती गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आमचं नीट बोलणं असं पुन्हा झालंच नाही.

आता मी मालवणी पुन्हा बोलायचा प्रयत्न करते तर चुलतभाऊ म्हणतात, नाटकातली वाटते.

ताई, मुलगी आतल्या खोलीत दार लावून का होईना, आजीशी बोलते आहे. ते दार लावलेलं असू दे, पण फोन चालू राहू दे.

---

सरळरेघ – ११ जुलै, सकाळी ८:१०

दर्याकाठ यांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी माझ्या आईशी फोनवर कोणत्या भाषेत बोलतो याचा विचार करत होतो.

घरातही प्रमाणच बोला, हे मागे घेतो. पण वर्गासमोर लढायला त्या मुलीला उभं करू नका, यावर मी ठाम आहे. बोली टिकवायची जबाबदारी बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर नको. तिला आधी वर्गात जागा मिळू दे. ती काही दिवस गप्प राहून, ऐकून, इथल्यासारखं बोलायला लागली तर त्यात तिचा कमीपणा नाही आणि तिने कुणाशी बेइमानीही केली नाही, हे तिला मोठ्या माणसाने सांगायला हवं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी कितीतरी वर्षं स्वतःला खोटा समजत राहिलो.

---

अंबाडी – ११ जुलै, दुपारी २:३०

सगळ्यांचे आभार. दर्याकाठताई, तुमचं दोनदा वाचलं. घरची भाषा बदलणार नाही, हे ठरलं.

ओसरीताई, ती एकाच मुलीचं नाव घेते. शेजारी बसते ती. ती चिडवत नाही, पण कुणाला थांबवतही नाही. तीही बोलायला कमीच आहे म्हणे. आणि एक राहिलं. माझी लेक गावात खो-खो खेळायची, तालुक्यापर्यंत गेली होती. इथे शाळेचा संघ आहे, सराव सकाळी साडेसहाला असतो. ती नाव द्यायला तयार नाही. "तिथंही त्याच पोरी असतीन."

---

नवोदयचा – ११ जुलै, रात्री १०:४०

मी जवाहर नवोदय विद्यालयात शिकलो. तिथे नववीत काही मुलांना एक वर्ष दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हिंदी भाषक भागातली मुलं आपल्याकडे येतात, आपली तिकडे जातात. मी मध्य प्रदेशात गेलो. चौदाव्या वर्षी, वसतिगृहात, परमुलखात.

पहिल्या आठवड्यात आमच्या हिंदीवर सगळी मेस हसायची. "मेरे को भूक लगी" म्हटलं की झालं. पण एक फरक होता. आम्ही एकाच शाळेतून बरेच जण गेलो होतो. दिवसभर हसून घेतलं तरी रात्री खोलीत आपलीच भाषा बोलायला आठ-दहा जण असायचे. त्यामुळे हसणं अंगाला लागायचं नाही. नंतर तर तिथल्या पोरांना आम्ही मराठी शिव्या शिकवल्या आणि दोस्ती झाली.

तुमची मुलगी एकटी गेली आहे. त्रास त्याचाच जास्त आहे असं मला वाटतं, बोलीचा त्या मानाने कमी. तिला अख्ख्या वर्गाने स्वीकारायची गरज नाही. एक मैत्रीण पुरते. ती शेजारची अबोल मुलगी आहे ना, तिला घरी बोलवा. वाढदिवसाचं वगैरे निमित्त नको, मोठा कार्यक्रम नको. अभ्यासाला म्हणून बोलवा आणि खायला घाला.

---

जुनी वही – १२ जुलै, रात्री १२:१०

इथे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. मी हसणाऱ्यांतली होते.

पुण्यातली मुलींची शाळा, आठवी, १९९३. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक मुलगी आली. लातूरकडची. मामाकडे राहायला आली होती. "काय करायलीस?" असं बोलायची. आम्ही तिघी-चौघी रोज तिची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे, म्हणून माझ्याकडेच मागणी असायची. ती पहिले काही दिवस आमच्याबरोबर हसायची. नंतर हसणं थांबवलं, नंतर बोलणं. आम्हाला वाटलं, शिष्ट आहे.

जानेवारीत कधीतरी बाईंनी वर्गाला सांगितलं की ३० सप्टेंबरच्या भूकंपात तिचं घर गेलं. घरातलं कोण कोण गेलं हेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ती त्या दिवशी वर्गात नव्हती. आम्ही कुणीच काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. नक्कल थांबली, पण मी जाऊन तिच्याशी बोलले का? नाही. नववीला ती दुसऱ्या शाळेत गेली.

त्याच वर्षी आमच्या वर्गाने स्नेहसंमेलनात बहिणाबाईंच्या कविता चालीवर म्हटल्या होत्या. खानदेशी उच्चार बरोबर यावेत म्हणून बाईंनी आठ दिवस तालीम घेतली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. आसोद्याच्या एका लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची बोली आम्ही मंचावर मिरवत होतो आणि त्याच वर्गात एक मुलगी तिच्या गावच्या बोलीसाठी गप्प बसली होती. या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, हे मला पुढे वीस वर्षांनी एकदम लक्षात आलं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिल्याची बातमी वाचली तेव्हाही मला आधी तीच मुलगी आठवली.

ताई, मी तुमच्या मुलीच्या वर्गातल्या मुलींची बाजू घेत नाही. पण आतून सांगते, आमच्यात दुष्टपणापेक्षा भित्रेपणा जास्त होता. आपण हसलो नाही तर उद्या आपल्यावर हसतील. मोठ्यांपैकी एकाने जरी त्या पहिल्या आठवड्यात सरळ आवाजात "पुरे" म्हटलं असतं तर आम्ही थांबलो असतो. बाई तेव्हा हसल्या होत्या, म्हणून आम्हाला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

म्हणून बाईंना भेटाच.

---

अकरावी ब – १२ जुलै, दुपारी १:२०

मी इथे वयाने सगळ्यांत लहान असेन. बाबा पोलीस खात्यात, माझ्या पाच शाळा झाल्या. नांदेड, धुळे, रत्नागिरी, परत धुळे, आता नाशिक. तुमच्या मुलीला वाचून दाखवा वाटलं तर.

नवीन शाळेत पहिले पंधरा दिवस सगळे फक्त बघत असतात. त्या दिवसांत मी आधी खोटं वागायचो. नांदेडहून धुळ्याला गेलो तेव्हा क्रिकेट आवडतं असं सांगितलं, कारण सगळ्यांना आवडायचं. मग वर्षभर दर रविवारी नावडतं क्रिकेट खेळलो. एकदा सांगितलं की मोडता येत नाही. रत्नागिरीला ठरवलं, खोटं काही सांगायचं नाही, पण सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं असंही नाही. मला पक्षी बघायला आवडतात हे तिथे मी दोन महिन्यांनी एकाला सांगितलं. तोही बघणारा निघाला.

चिडवतात त्यांच्याबद्दल. "मले" म्हटल्यावर मान खाली गेली की ते पुन्हा म्हणतात. मी धुळ्यात "बोल ना, काय पाहिजे?" असं साधं उत्तर द्यायचो, खरंच काही मागितल्यासारखं. रागाने नाही. तीन-चार दिवसांत कंटाळले. सगळ्यांना हे जमेलच असं नाही.

आणि खो-खो तिने सोडू नये. माझ्या धुळ्याच्या शाळेत कर्णधार मुलगी आश्रमशाळेतून आलेली होती, तिला वर्गात कुणी विचारत नसे. मैदानावर तिच्याशिवाय संघ उभा राहत नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुली जिंकल्या, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. तो सामना आमच्या वर्गातल्या खो-खोला नावं ठेवणाऱ्या पोरांनीसुद्धा मोबाइलवर बघितला.

---

रात्रपाळी – १२ जुलै, रात्री ८:४५

आम्ही डब्लिनला. माझ्या मुलाचं नाव ज्ञानेश. शाळेत कुणालाच म्हणता येईना, तर त्याने स्वतःच "नेश" करून टाकलं. मी म्हटलं ठीक आहे, त्याला सोपं पडतंय. वर्षभराने शिक्षिकेनेच विचारलं की घरी तुम्ही त्याला काय म्हणता, मला शिकवा. तिने कागदावर उच्चार लिहून घेतला आणि रोज हजेरीला पूर्ण नाव म्हणायला लागली. मुलं आठवड्यात शिकली. सगळा फरक त्या एका शिक्षिकेने पडला. बाकी जुनी वही यांना अनुमोदन.

---

घंटा झाली – १३ जुलै, सकाळी १०:००

मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. भेटायचं कसं, तेवढं सांगते, कारण इथेच बहुतेक पालकांची गाडी घसरते.

पालकसभेत बोलू नका. तिथे बाईंना सगळ्यांसमोर स्वतःचा बचाव करावा लागेल. वर्गशिक्षिकेची वेगळी वेळ घ्या, शाळा सुटल्यावरची. "तुम्ही हसलात" अशी सुरुवात नको. "मुलगी पंधरा दिवस वर्गात बोललेली नाही, रबरही खुणेने मागते" हे सांगा. कोणत्याही बऱ्या शिक्षिकेला हे एक वाक्य पुरे असतं. तिला बहुधा हे माहीतच नसेल. साठ मुलांच्या वर्गात गप्प बसणारं मूल हे गुणी मूल समजलं जातं, मीही तसंच समजत आले.

मागायचं काय, तेही ठरवून जा. वर्गाला उपदेश मागू नका, त्याने तुमची मुलगी पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येईल. मागा असं की मराठीच्या तासाला सगळ्याच मुलांनी आपापल्या आजी-आजोबांच्या गावचे पाच शब्द आणावेत. पुण्याच्या त्या वर्गात निम्म्याहून जास्त घरं बाहेरून आलेली निघतील, मी खात्रीने सांगते. सातारा, सोलापूर, नगर, कोकण. फक्त ती एक पिढी आधी आली आहेत.

चिडवणं थांबलं नाही तर पुढे मुख्याध्यापक आहेत. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पण हे आत्ता पर्समध्ये ठेवा, टेबलावर नको.

आणि तुम्ही स्वतः जा. यजमानांना पाठवू नका. तुमच्या बोलीतच बोला. बाईंनाही ऐकू दे, एक आई नीट, आदराने आणि मुद्देसूद वऱ्हाडीत बोलते आहे ते.

---

खडूफळा – १३ जुलै, सकाळी १०:३५

घंटा झाली ताई, पाच शब्दांची कल्पना मी उद्याच माझ्या वर्गात वापरतो.

---

अंबाडी – ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

तीन आठवडे लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही घडू दे म्हटलं.

मी गेले होते. सोमवारी, शाळा सुटल्यावर. रबराचं सांगितलं तेव्हा बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं." त्या स्वतः सांगलीकडच्या निघाल्या. म्हणाल्या, डी.एड.ला असताना मलाही हसले होते आणि मी विसरूनच गेले. मी काहीच बोलू शकले नाही.

पाच शब्दांचा तास झाला. सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन-तीन मुली अजून "मले" म्हणतात. एक दिवस ही घरी येऊन दप्तर फेकून रडली. पण त्या तासाला शेजारच्या अबोल मुलीने जे पाच शब्द आणले ते अहिराणी होते. तिची आजी धुळ्याची. दीड महिना दोघी एका बाकावर बसल्या होत्या आणि दोघीही गप्प होत्या, का ते आम्हाला आता कळलं.

ती शनिवारी घरी आली होती. मी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी केली. दोघींनी दुमडलेल्या वहीत तिसरा रकाना पाडला आहे. माझ्या सासूबाईंना फोन लावून विचारत होत्या, "आजी, अजून सांग न." फोन स्पीकरवर होता, दार उघडं होतं.

खो-खोचं नाव दिलं. सराव सुरू होऊन आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी ती गेली तशीच परत आली, काही विचारू नको म्हणाली. चौथ्या दिवशी मी सकाळी मुद्दाम मैदानाच्या कुंपणापर्यंत गेले, तिला न सांगता. आठ जणी रांगेत बसलेल्या, ही धावत होती. खो-खोत खो मोठ्याने द्यावाच लागतो, नाहीतर पंच धरतात. पहिले दोन खो मला ऐकूच आले नाहीत, सरांनी शिट्टी वाजवली. तिसरा रस्त्यापर्यंत ऐकू आला.

---

दर्याकाठ – ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

पालकसभा कधी आहे?

---

अंबाडी – ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

येत्या शनिवारी. कोण जाणार ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. साडी मात्र इस्त्री करून ठेवली आहे.